पाटी लागण्यापूर्वी



नुकत्याच संपलेल्या वर्षावासाच्या शेवटच्या रविवारी एक गृहस्थ पत्नी व मुलीसह माझ्या कचेरीत आले. गृहस्थ एस. टी.च्या आगारात यांत्रिक आहेत. घरात धम्मदीक्षा होऊन चार वर्षे झाली. मुलगी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. या घरातील माणसे आजवर न्यायालयाची पायरी चढली ती आरोपी, साक्षीदार किंवा पक्षकार म्हणून. वकील म्हणून ती चढू पाहणारी ही पहिलीच. ‘जय भीम’ झाल्यावर गृहस्थांनी खिशातून घडी घातलेले एक रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. विद्यार्थिदशेतच आपली व्यावसायिक ओळख घडवा, असा त्याचा मथळा होता. अठरा हजार रुपये भरले असता मुलीचे काळ्या कोटातील छायाचित्र काढून मिळणार, इंग्रजीत परिचय लिहून मिळणार, लिंक्डइनवर तिच्या नावाचे पान सजणार, त्यावर दर आठवड्यास दोन मजकूर दुसऱ्याच कोणी लिहून टाकणार. आणि यावर वरकड म्हणून घरबसल्या उमेदवारी केल्याची तीन प्रमाणपत्रे. “साहेब, भरू का पैसे?” गृहस्थांनी विचारले.

मला प्रथम राग आला, हे मी कबूल करतो. हा शुद्ध फसवणुकीचा धंदा आहे, असे मी म्हणूनही गेलो. तोवर गप्प बसलेली मुलगी तेव्हा म्हणाली, “सर, माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचे काका उच्च न्यायालयात वकील आहेत. तिला या पत्रकाची गरज नाही. मला आहे की नाही, एवढेच सांगा.”

या प्रश्नाचे उत्तर रागाने देता येत नाही. तो केवळ त्या एका मुलीचा प्रश्न नाही. बाबासाहेब बॅरिस्टर होते म्हणून आपल्या घराघरांतून मुले कायद्याच्या महाविद्यालयात जात आहेत. आईबाप त्यांची फी भरतात, परंतु फीनंतर काय, हे त्यांना सांगणारा कोणी घरात नसतो. म्हणून त्या कुटुंबाशी जे बोललो ते, व जे त्या दिवशी सुचले नाही ते, आपणा सर्वांपुढे मांडीत आहे.

वकिलाचा व्यवसाय इतर व्यवसायांसारखा नाही. दुकानदार जाहिरात करतो, शिकवणीवाला भिंती रंगवतो. वकिलाला ते करण्याची मनाई आहे. अधिवक्ता अधिनियम, १९६१ अन्वये भारतीय विधिज्ञ परिषदेने जे नियम केले त्यांतील ३६वा नियम सांगतो की, वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काम मागू नये. परिपत्रक, जाहिरात, दलाल, वर्तमानपत्रातून घडवून आणलेली प्रसिद्धी, चालविलेल्या खटल्याच्या संदर्भात छापविलेले छायाचित्र, हे सर्व त्यास वर्ज्य आहे. दाराची पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. तीवर आपण अमुक संघटनेचे पदाधिकारी, अमुक विषयाचे तज्ज्ञ, असे काही लिहिता येत नाही. हा नियम केवळ पुस्तकात पडून आहे असे समजू नका. एका वकिलाने एका मंत्र्यांना साधे पोस्टकार्ड टाकून सरकारी काम मागितले, तेवढ्यावरून १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला दोषी धरून काही काळ व्यवसायातून दूर केले. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात उभे राहून येणाऱ्या पक्षकारावर झडप घालणाऱ्या, त्याच्या हातातील कागद हिसकावणाऱ्या वकिलांचे प्रकरण १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तेथेही न्यायालयाने त्या वर्तनास गैरवर्तनच म्हटले. २००८ साली नियम किंचित सैल झाला. वकिलास संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनदेचा क्रमांक व दिनांक, शिक्षण आणि कोणत्या विषयात काम करतो एवढी माहिती देण्याची मुभा मिळाली. परंतु जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, वकिलांची नावे विकणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध निकाल देताना, वकिली हा धंदा नव्हे हे पुन्हा बजावले, आणि त्यानंतर विधिज्ञ परिषदेनेही कारवाईचे इशारे दिले. अमेरिकेत तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७७ सालीच वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली; आपल्याकडे ती नाही.

हा नियम मला व्यक्तिशः मान्य आहे. तुरुंगाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला भपकेदार जाहिरात दाखवून लुबाडणे किती सोपे आहे, हे मी रोज पाहतो. परंतु नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या आजोबांची पाटी त्याच दारावर साठ वर्षे लागलेली आहे, त्याला जाहिरातीची मनाई करून त्याचे काय जाते? त्याचे आडनाव हीच त्याची जाहिरात आहे. कारकून ते ओळखतो, बाररूममधला चहावाला ओळखतो, गावचा सावकार ओळखतो. आपल्या मुलाला मात्र सनद मिळते त्या दिवशी तोंड बंद करण्याचा नियम लागू होतो आणि त्याचे नाव घेणारे दुसरे तोंड नसते.

यातून निष्पन्न काय होते? आपल्या मुलांनी नाव कमवायचे ते सनदेपूर्वी, विद्यार्थी असतानाच. नियम वकिलास बांधतो. विद्यार्थी हा अद्याप वकील नव्हे. शिकत असताना त्याने काय वाचले, काय लिहिले, कोणाच्या कचेरीत बसून काय शिकला, हे तो मोकळेपणाने सांगू शकतो. त्याने सनदेनंतरही लाजू नये असे मात्र ते असले पाहिजे, कारण आज टाकलेला मजकूर उद्या पुसला जात नाही. तेव्हा ओळख घडविण्याची गरज त्या पत्रकाने बरोबर हेरली आहे. ती भागविण्यासाठी त्याने जो माल पुढे केला आहे तो तेवढा नासका आहे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे या दृष्टीने पाहा. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरील निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुढल्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. पुढे १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरचा लेख, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ. त्यांचा परिचय कोणी लिहून द्यावा लागला नाही. जो वाचील त्याला माणूस कळत होता.

पण गोष्ट इथेच थांबवून टाळ्या घेणारे व्याख्याते मला पटत नाहीत, कारण मधली वर्षे ते गाळतात. १९१७ साली एवढी विद्या घेऊन बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर एका पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव सांगून राहावे लागले. आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुंबईस परत आल्यावर त्यांनी शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी कचेरी काढली. सल्ला चांगला होता. परंतु सल्लागार कोण आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली. विद्या खरी आणि काम चोख असताही नाव बुडविणारे लोक होते. १९२३ साली मित्र नवल भथेना यांच्या मदतीने सनद घेऊन त्यांनी उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, तेव्हाही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे कामे देईनात. परळच्या दामोदर हॉलमध्ये बसून, खालच्या व बाहेरगावच्या न्यायालयांतील कामे घेऊन, शिकविण्याची जोड देऊन त्यांनी दिवस काढले. मग १९२६ साली जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात जेधे, जवळकर प्रभृतींना पुण्याच्या सत्र न्यायालयातून त्यांनी अपिलात सोडवून आणले, आणि वकील म्हणून त्यांचे नाव झाले. जेधे-जवळकर हे ब्राह्मणेतर चळवळीतील नामांकित पुढारी. त्यांनी आपला बचाव या माणसाच्या हाती दिला, तो पाटी पाहून नव्हे.

आता थोडे माझ्याविषयी सांगतो. त्यात एक फजितीही आहे.

मी २००२ साली कायद्याच्या वर्गात बसलो. दुसऱ्या वर्षी उमेदवारीसाठी शहरातील एका नामवंत वकिलांकडे गेलो. त्यांनी गुण विचारले नाहीत. आडनाव विचारले, गाव विचारले, गावात घर कोणत्या बाजूला हे विचारले, आणि मग कचेरीत खुर्ची नसल्याचे सांगितले. खुर्च्या दोन रिकाम्या होत्या. मी घरी आलो, आणि त्या रागाच्या भरात जे केले त्याची मला आजही लाज वाटते. छापखान्यात जाऊन दोनशे कार्डे छापून आणली. त्यांवर नावामागे ‘ॲड.’ लावले होते. सनद मिळण्यास दीड वर्ष अवकाश होता. आमच्या तालुक्याच्या न्यायालयातील एका वृद्ध कारकुनाच्या हाती मी मोठ्या ऐटीत एक कार्ड दिले. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले, आणि म्हणाले, “अरे, सनदेवाचून न्यायालयात वकील म्हणून उभा राहिलास तर सहा महिन्यांची कैद आहे, ४५वे कलम वाच. आणि उभा राहणार नसशील तर हे छापलेस कशाला?” उरलेली कार्डे मी चुलीत घातली. त्या कारकुनांनीच पुढे मला वकीलपत्र कसे भरावे, दाव्याची कागदपत्रे कोणत्या क्रमाने लावावीत, रोजनामा कसा वाचावा, हे शिकविले. ते आपल्या समाजाचे नव्हते.

माझे नाव झाले ते निराळ्याच वाटेने. आमच्या भागात महार वतनाच्या जमिनींची प्रकरणे घरोघर आहेत. मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा, १९५८ याने वतने रद्द झाली, जमिनी सरकारजमा झाल्या, आणि ठराविक रक्कम भरून घेऊन त्या मूळ वतनदारांस पुन्हा देण्यात आल्या. मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून त्या विकता वा वाटून घेता येणार नाहीत, या शर्तीवर. आमच्या लोकांना यातले काही ठाऊक नव्हते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे का लिहिले आहे, हे कोणी सांगत नव्हते. कोऱ्या कागदावर अंगठे घेणारे मात्र पुष्कळ होते. मी विद्यार्थी असताना सुटीत तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात बसून शेजारपाजारच्या घरांचे फेरफार उतरवून आणू लागलो. प्रत्येक घरासाठी एक वही केली: जमीन मूळ कोणाच्या नावे, पुन्हा केव्हा दिली, नंतर कोणाची नावे लागली, परवानगी होती की नव्हती. वाचता येईल असे मराठीत लिहून त्या त्या घरी दिले. पैसे घेतले नाहीत. घेणेही बरोबर नव्हते. लोक मला ‘फेरफारवाला पोरगा’ म्हणू लागले. हे बिरुद मला तेव्हा मुळीच आवडत नसे. २००५ साली सनद मिळाली, तेव्हा पहिल्या महिन्यात जी तीन प्रकरणे आली ती तिन्ही वतनाच्या जमिनीची होती. आणि त्यांतील एक, मला खुर्ची नाकारणाऱ्या त्याच वकिलांच्या जुन्या पक्षकाराचे होते. त्याला फेरफार वाचणारा हवा होता.

तेव्हा मुलामुलींना मी सांगतो ते असे. तुम्ही कोण आहात हे सांगण्याआधी तुम्ही कशाचे आहात हे ठरवा. एखादा विषय धरा, तोही आपल्या माणसांच्या गरजेचा. वतनाची जमीन, सफाई कामगारांचे वेतन, अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पीडितास मिळणारे अर्थसाहाय्य आणि सुनावणीत म्हणणे मांडण्याचा त्याचा हक्क, जात पडताळणीचे दाखले. विषयांना तोटा नाही. अशा एका विषयावर दोन वर्षे वाचा, निकाल गोळा करा, आणि मराठीत लिहा. इंग्रजी उच्च न्यायालयात लागेलच, ते शिकलेच पाहिजे. परंतु तालुक्याच्या न्यायालयात, तहसील कचेरीत आणि आपल्या वस्तीत मराठीत नेटके लिहिणारा कायद्याचा विद्यार्थी फार दुर्मिळ झाला आहे.

विधी शिक्षणाच्या २००८च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे उमेदवारी सक्तीची केली आहे, आणि तीत एकदा तरी खालच्या न्यायालयातील व अपिलाच्या वकिलांकडे बसलेच पाहिजे. उमेदवारीची दैनंदिनी ठेवणे हाही त्यातलाच भाग. बहुसंख्य विद्यार्थी ती दैनंदिनी शेवटच्या रात्री एकमेकांची पाहून भरतात. हे फार मोठे नुकसान आहे. ती रोज लिहिलेली असेल तर तिच्याइतका चांगला परिचय दुसरा नाही. ‘फौजदारी कायद्याचा अभ्यासू तज्ज्ञ’ असे एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले पाहिले की मी पुढे वाचीत नाही. ‘चार आठवडे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात बसलो, जामिनाच्या एकवीस अर्जांची सुनावणी ऐकली, चार अर्जांचे मसुदे केले, त्यांतील एक वरिष्ठांनी थोड्या दुरुस्तीने दाखल केला’ असे लिहिलेले असेल तर त्याला मी भेटायला बोलावतो. खोटे असेल तर दहा मिनिटांत उघडे पडते. खरे असेल तर ते लिंक्डइनवर घाला, कागदावर घाला, तोंडाने सांगा. संकोच करू नका.

संकोचाविषयी मला आईबापांशी बोलायचे आहे. आपल्या घरांतून मुलांना एक शिकवण फार दिली जाते: गप्प राहा, मान खाली घालून काम कर, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नकोस. ती कोठून आली हे आपणांस ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या मान वर करणाऱ्याला मार बसला म्हणून ती आली. तिला विनय म्हणू नका. जो मुलगा खरे काम करून ते खरेपणाने सांगतो तो बढाई मारीत नाही, हे त्याला घरातूनच सांगितले गेले पाहिजे. आणि त्याच घराच्या बाहेर चौदा एप्रिलला जो फलक लागतो, त्यावर पहिल्या वर्षाच्या त्याच मुलाचा फोटो ‘निष्णात कायदेपंडित’ म्हणून झळकतो, हे कसे? घरात गप्प बसविलेला मुलगा चौकात पंडित होतो! मला दरवर्षी असे दोनतीन फलक दिसतात. लावणाऱ्यांचे प्रेम मी समजू शकतो, परंतु तो फोटो पाहून कोणी तरी त्या मुलाकडे खरोखरच जामिनाचे काम घेऊन जातो, आणि मग जे होते ते निस्तरायला माझ्यासारख्याकडे येतो.

एक गोष्ट मुलांना कडक शब्दांत सांगा. उमेदवारीत पाहिलेले पक्षकाराचे कागद मोबाईलवर टाकायचे नाहीत. आपल्या वस्तीवर अत्याचार झाला, मुलगा त्या प्रकरणात काम करणाऱ्या वकिलांकडे बसतो, आणि उत्साहाने फिर्यादीची छायाप्रत सर्वांना पाठवतो, हे मी पाहिले आहे. पक्षकाराने वकिलास सांगितलेले गुपित राखण्याचे बंधन वकिलाच्या हाताखालच्या माणसांनाही आहे. ते जुन्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेचे नाव उघड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. अशा एका मजकुराने मुलाचे नाव होते खरे, पण पुन्हा त्याला कोणी कचेरीत बसू देत नाही.

आडनावाचा प्रश्न त्या दिवशी मुलीच्या आईने काढला. आडनाव गाळून नुसते नाव व वडिलांचे नाव लिहावे का? काही मुले तसे करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझ्यासमोर रिकाम्या असलेल्या त्या दोन खुर्च्या मी विसरलेलो नाही. परंतु माझे मत लपविण्याच्या विरुद्ध आहे. बडोद्याच्या विश्रांतिगृहातील नाव दहा दिवस टिकले. लपविलेले नाव सांभाळण्यात जी शक्ती जाते ती अभ्यासातून वजा होते, आणि सनद घेताना, दाखले देताना ते बाहेर यायचेच. उलट, आपले दुःख हीच आपली सगळी ओळख करून प्रत्येक मजकुरात तेच सांगत राहणे, हेही मला मान्य नाही. लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात, आणि काम दुसऱ्याला देतात.

अठरा हजारांचे काय, ते आता सांगतो. सनदेच्या फीचा एक निकाल आपल्या घरांत पोहोचलेला नाही. अधिवक्ता अधिनियमाच्या २४व्या कलमाप्रमाणे सनदेची फी सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारास १२५ रुपये आहे. मुद्रांकाचा खर्च वेगळा. तरीही राज्यांच्या परिषदा इतर नावांखाली हजारो रुपये घेत. एका राज्यात तर हा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदेशीर ठरविले. १९९०च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींचे स्थान कायम झाले असल्यामुळे धम्मदीक्षा घेतली म्हणून ही सवलत जात नाही. कोणी जास्त मागितले तर या निकालाचा हवाला द्या. सनदेनंतरची पहिली दोनतीन वर्षे मात्र खरी कठीण असतात. कनिष्ठ वकिलास शहरात दरमहा २०,००० व ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचविले. सुचविले म्हणतो, कारण ते बंधनकारक नाही, आणि किती कचेऱ्यांत ते मिळते हे तुम्ही कोणत्याही कनिष्ठ वकिलास विचारा. आपल्या मुलांची वकिली बुद्धीच्या अभावी सुटत नाही, ती या दोन वर्षांच्या घरभाड्यापायी सुटते. म्हणून ते अठरा हजार त्या दोन वर्षांसाठी बँकेत ठेवा, असे मी गृहस्थांना सांगितले. दोनतीन हजारांची पुस्तके घ्या, तेवढे पुरे.

मुलीला मी उपदेशाऐवजी एक संचिका दिली. वतनाच्या जमिनीचे जुने प्रकरण होते, निकाल लागलेले. पक्षकाराची परवानगी घेऊन, नावे झाकून. पंधरा दिवसांत यावर मराठीत दोन पाने लिहून आण, असे सांगितले. ती बाराव्या दिवशी आली. एक तारीख तिने चुकीची वाचली होती. परंतु दुसऱ्या पानाच्या शेवटी तिने विचारले होते की, जमीन पुन्हा दिल्याच्या आदेशात थोरल्या भावाचे नाव आहे, नंतरच्या वारसनोंदीत त्याचे मुलगे आहेत. मग वंशावळीत दिसणाऱ्या दोन मुली कोठे गेल्या? हिंदू वारसा कायदा, १९५६ बौद्धांनाही लागू आहे. बाप १९५६नंतर वारला असेल तर मुलींना हक्क आहे. तो केव्हा वारला हे संचिकेत कोठेच नाही.

मी ते प्रकरण दोन वर्षे चालविले होते. हा प्रश्न मला सुचला नव्हता, विरुद्ध पक्षाच्या वकिलांनाही नाही. जुन्या मृत्यूंची नोंद कोतवाल बुकात सापडण्याचा संभव आहे, एवढेच मी तिला सांगू शकलो. येत्या सोमवारी ती तहसील कचेरीत जाणार आहे. नकलेसाठीचा अर्ज तिने स्वतः लिहून मला दाखविला. खाली तिने आपले नाव आडनावासह पूर्ण लिहिले आहे, आणि त्याखाली: विधी विद्यार्थिनी, तिसरे वर्ष.